चार मिलिमीटरचा खेळ: बोगीला वळायला कसं शिकवायचं

वळणावरून गाडी जाताना कानात खिळा ठोकल्यासारखा जो आवाज येतो तो म्हणजे चाक रुळावर आडवं घासलं जातंय त्याची पावती. गाडी वळतेय पण चाकाचं तोंड वळलेलंच नाही, ते आपलं नाकासमोर चाललंय आणि फ्लॅन्ज, म्हणजे चाकाची आतल्या बाजूची उंच कड, त्याला दामटून दामटून वळणातून काढतेय. रोज, प्रत्येक वळणाला, हेच. मग फ्लॅन्ज पातळ होते, चाक लेथवर जातं, बाहेरच्या रुळाची आतली बाजू खरवडून निघते आणि रूळवाले गाडीवाल्यांकडे आणि गाडीवाले रूळवाल्यांकडे बोट दाखवत बसतात.

यावरचा एक उपाय म्हणजे ॲक्टिव्ह स्टिअरिंग, बाहेरून जोर लावून ॲक्सल वळणाच्या दिशेत वळवणं. त्याचं नाव निघालं की लोक लगेच ॲक्च्युएटरचे, म्हणजे तो जोर लावणाऱ्या यंत्राचे, कॅटलॉग उघडतात. मी बोगीच्या (म्हणजे डबा नव्हे, डब्याखालची ॲक्सल धरणारी चौकट) सिम्युलेशनमध्ये बरीच वर्षं घालवलीत आणि माझं मत असं झालंय की ॲक्च्युएटर हा या कामातला सगळ्यात शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. घोडं अडतं ते किती वळवायचं, वळण आलंय हे कळणार कसं आणि यंत्रणा मध्येच मेली तर काय, इथे. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने, कॅटलॉग बाजूला ठेवून.

आधी कागद-पेन्सिल

एका ॲक्सलवरची दोन्ही चाकं घट्ट बसवलेली असतात, बरोबरच फिरतात. ३०० मीटर त्रिज्येच्या वळणातून गाडी काटकोनात वळली तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा जवळजवळ २.३६ मीटर लांब पडतो. हा फरक कुठेतरी भरून निघायला हवा, नाहीतर तेवढं घसरायचं. चाकाचा शंकूसारखा उतार त्यासाठीच असतो, ॲक्सल थोडा बाहेर सरकला की बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर चालतं, आतलं लहान व्यासावर, आणि जोडी आपोआप वळते.

आता आकडे घाला. चाक ९२० मिमी व्यासाचं, दोन संपर्कबिंदूंमधलं अंतर १५०० मिमी. ३०० मीटरच्या वळणाला दोन चाकांच्या त्रिज्येत २.३ मिमी फरक हवा. १:२० उताराच्या चाकाला तो मिळवायचा तर ॲक्सल २३ मिमी बाजूला सरकला पाहिजे, आणि फ्लॅन्ज रुळाला टेकायच्या आधी जागा असते साधारण सहा-सात मिमी. म्हणजे विषयच संपला. १००० मीटरच्या वळणाला हेच गणित ६.९ मिमीवर येतं, तिथे जेमतेम जमतं.

मग उतार वाढवा की, असं कुणीही म्हणेल. पण क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने १८८३ मध्येच दाखवून ठेवलंय की असा ॲक्सल सरळ रुळावर नागमोडी चालतो आणि उतार जितका जास्त तितकी ती नागमोड आखूड. वरच्याच मापांना १:२० ला लाट साधारण १६.५ मीटरची येते, उतार चौपट म्हणजे १:५ केला तर सव्वाआठ मीटरची. ताशी १६० किमीला पहिली सेकंदाला २.७ वेळा हलते, दुसरी ५.४ वेळा. हेच ते हंटिंग. ते दाबायला ॲक्सलबॉक्सच्या, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला बेअरिंग धरणाऱ्या पेटीच्या, स्प्रिंगा आणि बुश (सांध्यातले रबरी तुकडे) कडक करतात, आणि कडक केले की वळणावर ॲक्सल वळतच नाही. इकडे आड तिकडे विहीर. रेल्वेच्या बोगीचा अर्धा इतिहास ह्या एकाच भांडणाचा आहे असं म्हटलं तरी चालेल.

दुसरं गणित कोनाचं, आणि लेखाचं नाव त्यावरूनच आहे. बोगीत दोन ॲक्सलमधलं अंतर २.५ मीटर धरा. ३०० मीटरच्या वळणात प्रत्येक ॲक्सलने बरोबर त्रिज्येच्या दिशेत बसायचं तर बोगीच्या चौकटीच्या तुलनेत त्याला ४.२ मिलिरेडियन वळायचंय, म्हणजे पाव अंशापेक्षाही कमी. ॲक्सलबॉक्सच्या स्प्रिंगा मध्यापासून एक मीटरवर असतील तर एका बाजूचा बॉक्स ४.२ मिमी पुढे आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच मागे. संपलं. एवढ्या टनांचा सगळा पसारा, लेथ, किंचाळ्या, बदललेले रूळ, हे सगळं ह्या चार मिलिमीटरसाठी चाललेलं असतं. १५० मीटरचं वळण असेल तर ८.३ मिमी.

हे गणित एका काल्पनिक वळणाचं करून थांबू नका, तुमची गाडी ज्या मार्गावर धावते त्यातली सगळी वळणं काढा, त्रिज्या, लांबी, बाहेरचा रूळ किती उचललाय, तिथला वेग, आणि दिवसातून किती फेऱ्या, आणि एक साधा तक्ता करा. मार्गाची बहुतेक लांबी जर १५०० मीटरच्या वरच्या वळणांत असेल तर तुम्हाला स्टिअरिंग नकोय, सरळ सांगतो, पैसे दुसरीकडे घाला.

झीज मोजायची ती टी-गॅमावर

इथे बरेच जण फसतात म्हणून जरा थांबून लिहितो. संपर्कात घसरण्याचा जो जोर आहे तो गुणिले घसरण्याचं प्रमाण, म्हणजे टी-गॅमा. एकक न्यूटन, पण तो आकडा म्हणजे दर मीटर धावेला किती ज्यूल ऊर्जा त्या नखाएवढ्या जागेत जळली असा वाचायचा.

कडक बोगी वळणात गेली की मागचा ॲक्सल बऱ्याचदा त्रिज्येच्या दिशेच्या जवळ बसतो आणि कोनाचं सगळं ओझं पुढच्या ॲक्सलवर येतं, म्हणजे आपल्या उदाहरणात ४.२ नाही तर ८.३ मिलिरेडियन. हे चाक दर मीटरला ८.३ मिमी आडवं घसरतंय. चाकावर ६ टन भार, कोरड्या रुळाचं घर्षण ०.३ धरलं तर आडवा जोर १८ किलोन्यूटनच्या आसपास जाऊन अडकतो. गुणाकार करा, १५० च्या आसपास टी-गॅमा येतो, फ्लॅन्जचं घासणं वेगळं.

आता समजा तुम्ही अर्धवट स्टिअरिंग केलं आणि कोन निम्मा केला. जोर अजूनही घर्षणाच्या मर्यादेजवळच आहे, त्यामुळे टी-गॅमा ७५ च्या आसपास येतो. निम्म्यावर आला, पेढे वाटा? थांबा. ब्रिटनमध्ये रुळांच्या भेगांसाठी जे होल लाइफ रेल मॉडेल वापरतात त्यात साध्या रुळासाठी हिशोब असा आहे की १५ च्या खाली नुकसान नाही, १५ पासून भेगांचा धोका चढत जातो, ६५ ला शिखर, मग उतरत उतरत १७५ ला शून्य, कारण तिथून पुढे झीज इतकी जोरात असते की भेग वाढायच्या आधीच तो थर खरवडून जातो. म्हणजे १५० वरून ७५ वर येऊन तुम्ही झीज कमी केली आणि भेगांच्या डोंगराच्या जवळजवळ टोकावर जाऊन बसलात. झीज डोळ्याला दिसते, भेग दिसत नाही. १७ ऑक्टोबर २००० ला हॅटफिल्डला गाडी घसरून चार माणसं गेली ती रुळाच्या कोपऱ्यातल्या असल्याच भेगांमुळे रूळ तुटून.

म्हणून नियम असा धरा की स्टिअरिंग करायचं तर पूर्ण करा. कोन एक मिलिरेडियनवर आणला तर जोर मर्यादेच्या बराच खाली येतो, आठेक किलोन्यूटन, आणि टी-गॅमा ८ च्या घरात. १५ च्या खाली. हे जमत नसेल तर निदान सगळ्या वळणांचा टी-गॅमा काढून बघा की तुम्ही कुठल्या वळणांना डोंगरावर चढवताय.

आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं

बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला वंगण नीट पडतंय का, चाकाचं प्रोफाइल, म्हणजे कडेचा आकार, त्या मार्गाला साजेसं आहे का, लेथवर चाकं वेळेत जातात का, हे तिन्ही नीट नसेल तर स्टिअरिंगचं बोलणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून भिंतीला रंग. रुळाच्या माथ्यावर लावायचं फ्रिक्शन मॉडिफायर घर्षण आवाक्यात ठेवतं, त्यानेही किंचाळी आणि आडवा जोर दोन्ही उतरतात.

त्यानंतर मेकॅनिकल उपाय. दक्षिण आफ्रिकेत हर्बर्ट शेफेल यांनी १९७० च्या दशकात मालगाडीच्या बोगीत दोन्ही ॲक्सल तिरप्या सळयांनी एकमेकांना जोडले, म्हणजे एक ज्या बाजूला वळतो त्याच्या उलट दुसरा वळतो पण दोघं मिळून नागमोडी नाचू शकत नाहीत. साधी, बिनवायरची कल्पना. स्वीडनच्या एक्स २००० गाडीने १९९० पासून मऊ बोगी (जिच्यात ॲक्सल मऊ स्प्रिंगांवर धरलेत) घेऊन वळणं जोरात घेतली. टोकियोच्या गिंझा लाइनवर २०१२ मध्ये जी १००० मालिकेची गाडी आली तिच्या बोगीत एक ॲक्सल लिंकेजने वळतो, वळणांमुळे ती लाइन आधीपासूनच बदनाम होती. आणि अगदी सोपा पर्याय म्हणजे ॲक्सल गाइडचा हायड्रॉलिक बुश. आत तेल असतं, हळू ढकललं तर तेल भोकातून वाट काढतं आणि बुश मऊ वागतो, पटकन ढकललं तर तेलाला वेळ मिळत नाही आणि तो कडक वागतो. वळणात शिरताना ढकलणं दोन-तीन सेकंदांचं असतं आणि हंटिंग सेकंदाला पाच वेळा, त्यामुळे हा बिचारा वीज न घेता दोघांना वेगवेगळी वागणूक देतो. मला हा बुश मनापासून आवडतो, आणि निम्म्या प्रोजेक्टांनी इथेच थांबायला हरकत नाही.

मग ॲक्टिव्ह कशाला? कारण मऊ बोगी वळते ती घर्षणाच्या जिवावर. रुळ ओला असला, वंगण माथ्यावर आलं, किंवा मोटर जोरात ओढत असली आणि सगळं घर्षण ओढण्यातच खर्च होत असलं की ती वळायची थांबते. खूप तीव्र वळणात फ्लॅन्ज टेकते ती टेकतेच. ॲक्च्युएटरला रुळाची परवानगी लागत नाही.

मऊ करा, मग ढकला

समजा प्रत्येक ॲक्सलबॉक्सचा पुढे-मागे कडकपणा ३० मेगान्यूटन प्रति मीटर आहे, हंटिंगसाठी कडक केलेल्या बोगीत असं सहज असतं. तिला ४.२ मिमी ढकलायला जवळजवळ १२५ किलोन्यूटन, म्हणजे साडेबारा टनांचा जोर एका बॉक्सला. असला ॲक्च्युएटर बोगीत मावणार नाही, मावला तरी चौकटीला तडे जातील. तेच कडकपणा ५ वर आणला तर २१ किलोन्यूटन. ट्रान्झिशन, म्हणजे सरळ रूळ हळूहळू वळणात जातो तो तुकडा, ५० मीटरचं आणि वेग ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर असेल तर हे ४.२ मिमी अडीच सेकंदांत करायचंय. ताकद गुणिले वेग, ३५ वॉटच्या आसपास. टेबल फॅन एवढा! ही बेरीज मी पहिल्यांदा केली तेव्हा दोनदा तपासली होती.

पण मऊ केलं की हंटिंग परत आलं, बरोबर. इथे ॲक्टिव्हवाले दोन वाटांना जातात. एक म्हणजे ॲक्च्युएटरकडून फक्त हळू काम घ्यायचं, वळणाला वळवणं, एक हर्ट्झच्या खालचं, आणि हंटिंग सांभाळायला हायड्रॉलिक बुश आणि यॉ डँपर (डब्याखाली बोगीचं डावं-उजवं फिरणं रोखणारे डँपर) ठेवायचे. दुसरी म्हणजे ॲक्च्युएटरनेच हंटिंगही मारायचं, सेकंदाला दहा-दहा वेळा दुरुस्ती करत. दुसऱ्या वाटेवर पेपर खूप छापले गेलेत, लफबरो विद्यापीठातल्या रॉजर गुडॉल यांनी तर ह्या विषयात आयुष्य घातलंय आणि त्यांचं काम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, पण तुमची पहिलीच बोगी असेल तर पहिली वाट धरा. कारण पहिल्या वाटेत यंत्रणा बंद पडली तर गाडी किंचाळेल. दुसऱ्या वाटेत यंत्रणा बंद पडली तर गाडी रुळावर राहील की नाही हा प्रश्न आहे, आणि ते सिद्ध करायला सुरक्षेची जी कागदपत्रं लागतात ती बोगीपेक्षा जड होतात.

ॲक्च्युएटर बसवायचा कुठे? स्प्रिंगेच्या शेजारी बसवला तर तो मेला तरी स्प्रिंग जागेवर आहे, पण रोज तिच्याशी कुस्ती. ॲक्सलबॉक्सच्या दांड्याच्या जागीच बसवला तर कुस्ती नाही पण ब्रेकचा आणि ओढण्याचा सगळा जोर त्याच्यातून जाणार आणि तो सैल पडला तर ॲक्सल मोकाट. मी शेजारचा घेतो, ताकद जास्त लागली तरी चालेल. आणि ॲक्सलबॉक्सवर काहीही बसवताना लक्षात ठेवा, तिथे स्प्रिंगेच्या खालचं आयुष्य आहे. आयईसी ६१३७३ या रेल्वे सामानाच्या मानकात डब्यावरच्या सामानाला धक्क्याची चाचणी असते ५० मीटर प्रति सेकंद वर्ग पर्यंतची, बोगीच्या चौकटीवरच्याला ३००, आणि ॲक्सलवरच्याला १०००. म्हणजे शंभर जी, गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट. सेन्सरचं कनेक्टर टेबलावर कितीही छान दिसू देत, इथे सुटतं. शक्यतो इलेक्ट्रॉनिक्स चौकटीवर ठेवा आणि ॲक्सलबॉक्सकडे फक्त लोखंड जाऊ द्या.

वळण आलंय हे कळणार कसं

सगळ्यात सरळ उपाय, बोगीवर जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर. बोगी किती वेगाने फिरतेय भागिले गाडीचा वेग, झाली वक्रता. ३०० मीटरच्या वळणात ताशी ७२ किमीला जायरो सेकंदाला ३.८ अंश दाखवतो. सोपं वाटतं ना, आता त्रास ऐका.

बोगी सरळ रुळावरही सतत थरथरते, त्यामुळे जायरोचं सिग्नल गाळावं लागतं, गाळलं की उशीर. अर्धा सेकंद उशीर म्हणजे २० च्या वेगाला १० मीटर. ट्रान्झिशन ५० मीटरचं असेल तर पाचवा हिस्सा तुम्ही झोपेत घालवलात. पण हा उशीर फक्त पहिल्या बोगीला सोसावा लागतो. मागच्या बोगीला पुढच्याने सांगितलं तर तिच्याकडे वेळच वेळ आहे, दोन बोग्यांत १९ मीटर असतील तर जवळजवळ एक सेकंद, त्यातून गाळण्याचा अर्धा सेकंद वजा केला तरी ती अगदी वेळेवर वळेल, म्हणून गाडीभर नेटवर्कवरून वक्रता आणि अंतर पुढून मागे पाठवा. पहिल्या बोगीसाठी मार्गाचा नकाशा आणि ओडोमीटर वापरता येतो, सॅटेलाइट बोगद्यात मरतो हे धरून चाला.

हळू वेगाला भागाकार वेडा होतो, छेद शून्याकडे गेला की जायरोच्या कणभर चुकीचंही वळण दिसायला लागतं. साधारण ताशी १० च्या खाली शेवटची चांगली किंमत धरून ठेवा आणि गाडी हलेल तशी ती अंतरावर बदला, वेळेवर नाही.

आता माझी एक फजिती. मॉडेलमध्ये मी वेग टॅकोमीटरवरून घेतला होता, टॅकोमीटरला फक्त किती ते कळतं, कुठल्या दिशेने ते कळत नाही. पुढे जाणाऱ्या सगळ्या रन सुंदर, टी-गॅमा खाली, आलेख सगळ्यांना दाखवून झाले. मग कुणीतरी विचारलं की शेवटच्या स्टेशनवरून गाडी परत येताना काय. परतीची रन लावली तर झीज मूळ गाडीपेक्षाही वाईट. गाडी उलटी गेली की जायरोचं चिन्ह बदलतं, वेगाचं बदललं नाही, त्यामुळे वक्रता उलटी आणि दोन्ही ॲक्सल बरोबर विरुद्ध बाजूला वळलेले. ॲक्सल कुठल्या बाजूला वळायचा हे गाडी कुठे चाललीय यावर अवलंबून नसतंच, रूळ कसा वाकलाय यावर असतं. ड्रायव्हरच्या रिव्हर्सरचं (पुढे-मागेच्या दांड्याचं) चिन्ह वेगाला लावलं, एका ओळीचं काम. पण त्या दिवसापासून माझ्या टेस्टच्या यादीत पहिली रन परतीची असते.

बिघडलं तर

बिघाड तीन जातीचे. ॲक्च्युएटर सैल पडला, ही सगळ्यात बरी केस, गाडी मऊ बोगीसारखी चालेल, वेग थोडा कमी करून घरी न्या. वळलेल्या अवस्थेत अडकला, म्हणजे वळण संपलं तरी सरळ रुळावर ४ मिलिरेडियन तिरका ॲक्सल, फ्लॅन्ज एका बाजूला कायम घासत. आणि तिसरी उलट वळणं, जी वर सांगितली, ही सगळ्यात घातक कारण यंत्रणा स्वतःला निरोगी समजत असते.

म्हणून स्क्रूचा ॲक्च्युएटर घेत असाल तर आपोआप लॉक होणारा स्क्रू घेऊ नका, विक्रेता त्याचं कौतुक करेल की वीज न खाता जागा धरून ठेवतो, पण आपल्याला नेमकं तेच नकोय. वीज गेली की स्प्रिंगेने त्याला मध्यावर ढकलता आलं पाहिजे. हायड्रॉलिक असेल तर दोन्ही कप्प्यांमधला बायपास व्हॉल्व्ह विजेने बंद आणि स्प्रिंगेने उघडा असा. आणि स्टॉप लोखंडाचे, सॉफ्टवेअरचे नाहीत, तुमच्या सगळ्यात तीव्र वळणाला लागतं तेवढंच आणि वर थोडंसं. ८ मिमीची गरज असताना २० मिमीचा स्ट्रोक कपाटात होता म्हणून लावला असं करू नका.

उलट वळण पकडायला दुसरी स्वतंत्र साक्ष हवी. डबा आणि बोगीमधला कोन ही फुकटची साक्ष आहे, दोन बोग्यांच्या मध्यांत १९ मीटर असतील तर ३०० मीटरच्या वळणात बोगी डब्याच्या तुलनेत १.८ अंश वळलेली असते, साध्या सेन्सरला दिसेल इतका मोठा कोन. जायरो डावं म्हणतोय आणि हा कोन उजवं म्हणतोय तर दोघांपैकी कोण खरं ते शोधत बसू नका, बायपास उघडा.

वरच्या सस्पेन्शनचं काय

डबा आणि बोगीमधलं ॲक्टिव्ह सस्पेन्शन लोक ह्याच पाकिटात विकतात पण त्याचं काम मुख्यतः प्रवाशांच्या आरामाचं. जपानच्या शिंकान्सेनमध्ये ई २ गाडीच्या काही डब्यांत २००२ मध्ये आडवं ॲक्टिव्ह सस्पेन्शन आलं, ते डबा डोलू नये म्हणून. झिजेला त्याची मदत आडवाटेने होते. वळणात डबा बाहेर झुकून बंपस्टॉपवर, म्हणजे हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्यावर, टेकतो आणि मग सगळे धक्के थेट बोगीत, ॲक्च्युएटरने डबा मध्यावर धरून ठेवला तर आडव्या स्प्रिंगा मऊ ठेवता येतात. आणि यॉ डँपर, जे सरळ रुळावर बोगीला नाचू देत नाहीत पण वळणात शिरताना बोगीने फिरायला हवं तेव्हाही अडवतात, ते ॲक्टिव्ह केले तर तो अडसर कमी होतो. टिल्टिंगबद्दल, म्हणजे वळणात डबा आतल्या बाजूला कलवण्याबद्दल, एकच सांगतो, टिल्ट केल्याने प्रवाशाला जोर जाणवत नाही, रुळाला पूर्ण जाणवतो. वेग वाढवायला टिल्ट घेताय तर स्टिअरिंगचं बजेट त्याच फाइलमध्ये टाका.

पैसा कुणाचा वाचतो हेही आधी बघा. ॲक्च्युएटर गाडीवाला घेतो, रूळ रूळवाल्याचा वाचतो. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमध्ये रूळ वापरायच्या भाड्यात गाडी रूळ किती झिजवते हे धरलेलं आहे, तिथे हिशोब जुळतो. जिथे भाडं नुसत्या टनावर तिथे तुमच्याकडे फक्त चाकांची बचत उरते, पण तीही कमी नसते, कारण फ्लॅन्ज एक मिलिमीटर परत मिळवायला लेथवर व्यासातले कित्येक मिलिमीटर कापून फेकावे लागतात.

चालू केल्यावर

पहिले काही महिने प्रोफाइल दर थोड्या आठवड्यांनी मोजा, आणि फ्लॅन्जच नाही, तळवाही, म्हणजे चाक रुळावर टेकून चालतं तो भाग. स्टिअरिंग नीट चाललं की चाक रुळावर एकाच पट्ट्यात चालायला लागतं, फ्लॅन्ज नवीसारखी राहते आणि तळव्यात खळगा पडतो. खळग्याने समतुल्य शंकूपणा, म्हणजे झिजलेलं चाक किती उताराच्या शंकूसारखं वागतं तो आकडा, वाढतो, तो ईएन १५३०२ या युरोपीय मानकाप्रमाणे काढा, आणि हंटिंग मागच्या दाराने परत येतं. लेथची तारीख फ्लॅन्जवर ठरवायची सवय सोडून खळग्यावर ठरवावी लागते आणि डेपोतल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो, कारण फ्लॅन्ज तर चांगली दिसतेय मग चाक का कापायचं.

आणि डाव्या-उजव्या चाकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा. एका ॲक्सलची एकच फ्लॅन्ज झिजतेय आणि जोडीदार कोरा, तर बहुतेक वेळा ॲक्च्युएटरचं शून्य चुकलंय. अर्धा मिलिमीटर चूक म्हणजे सरळ रुळावर तो ॲक्सल कायम २५०० मीटरच्या वळणासाठी वळलेला. शून्य सरळ, सपाट रुळावर गाडी उभी असताना, ब्रेक सोडून, काही मीटर पुढे-मागे ढकलून मगच घ्या. ब्रेक लावलेल्या गाडीवर घेतलेलं शून्य म्हणजे ब्रेकने बुश जिथे दाबून ठेवलेत तिथलं शून्य, आणि पुढच्या तपासणीला तीच फ्लॅन्ज परत तुमच्यासमोर येते.